झाकण तिकडेच राहिलं

माझ्या स्वयंपाकघरात काचेचं एक भांडं आहे. जाड काच, बाहेरून निळ्या फुलांची बारीक वेल, पावशेर रव्याचा शिरा आरामात मावेल एवढं. त्याला झाकण नाही. वर ताटली ठेवावी लागते, ती ताटली घसरते, आणि ती घसरली की मी चिडते. घरात चिडायला दुसरं कुणी नसल्यामुळे त्या ताटलीला बरंच ऐकून घ्यावं लागतं.

हे भांडं मी जर्मनीहून आणलं. आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते आणि मी तिथे तपासणी विभागात आहे. काही वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका कारखान्यात वर्षभर राहून त्यांची तपासणीची पद्धत शिकून यायला कुणाला तरी पाठवायचं ठरलं. विभागात एकाच्या मुलीची दहावी होती, एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, एकाचं नुकतंच लग्न झालं होतं. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, तुम्हीच जा. तुम्हाला काय, मागे कुणी नाही." ते चांगल्या मनानेच म्हणाले. पुण्यात चांगल्या मनाने बोललेलं जरा जास्तच लागतं.

आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी लग्न केलं नाही, आणि आई असेपर्यंत त्याचं काही वाटलंही नाही. आई मूळची कसबा पेठेतली. कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावरही तिला ते गावाबाहेरचंच वाटायचं, त्यामुळे मला घरी यायला जरा उशीर झाला की तिचा फोन यायचा. "कधी येणार?" एवढंच विचारायची. मी सिग्नलला उभी असायची, मागचे हॉर्न वाजवत असायचे, आणि मी खेकसायची, "येतेय गं, उडून येऊ का?" ती गेल्यावर हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मी सातला आले काय आणि दहाला आले काय, कुणाची आमटी गरम करायची थांबलेली नसायची. त्यामुळे साहेबांना मी हो म्हणाले. इथे एकटं राहण्यापेक्षा तिथे एकटं राहिलं तर निदान कारण तरी सांगता येईल, असा माझा हिशेब होता.

जर्मन मी इथेच एका क्लासात शिकले होते. क्लासातलं जर्मन फार सुरेख असतं. त्यात सगळे लोक स्टेशनचा रस्ता विचारतात आणि सगळ्यांना तो सापडतो. तिथे गेल्यावर कळलं की मला स्टेशनचा रस्ता विचारण्यापलीकडे काही बोलता येत नाही, आणि गाव इतकं लहान होतं की स्टेशन खिडकीतूनच दिसायचं.

तीन मजल्यांची इमारत होती, प्रत्येक मजल्यावर दोन घरं. माझ्या समोरच्या दारामागे एक आजी राहायच्या. तोंडावर मी त्यांना आडनावाने हाक मारायची, मनात मात्र आजीच म्हणायची. पहिल्या आठवड्यात ऑफिसातून आले तर माझ्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली. जुनी, गुळगुळीत झालेली, त्यावर रंगवलेली अक्षरं. त्यातला 'आठवडा' तेवढा कळला. कसला आठवडा ते कळेना, पण एवढी देखणी पाटी म्हणजे काहीतरी सणाचाच आठवडा असणार असं मी धरून चालले. आपल्याकडे दाराला तोरण लावतात तसं इथे नव्या भाडेकरूला पाटी देत असतील. मी ती आत आणली, आईच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगली आणि दुसऱ्या दिवशी दोघींना मिळून एक फूल वाहिलं.

पुढचे तीन आठवडे मला जिन्यात लोक जरा तुटक वागताहेत असं वाटत होतं. जिना मळलाय हेही दिसत होतं. मी मनात म्हटलं, आणि म्हणे जर्मन लोक स्वच्छ.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. समोरच्या आजी काठी टेकून उभ्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि पाटी दिसताच त्यांचे डोळे मोठे झाले. फोटो, फूल, पाटी, सगळं त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं. मग सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं की ही जिना झाडायची पाटी आहे. ज्याच्या दाराला ती असेल त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा आणि मग पाटी पुढच्या दाराला लावायची. पाटी पुढे सरकली नाही, म्हणून तीन आठवडे कुणीच जिना झाडला नव्हता. पाळी माझी होती ना. दुसऱ्याच्या पाळीला हात लावणं त्यांच्यात बसत नाही.

मी पुण्याची. पाट्या वाचतच लहानाची मोठी झाले, आणि पाटी न वाचणाऱ्याला आम्ही काय काय बोलतो तेही मला ठाऊक होतं. आजी काहीच बोलल्या नाहीत. मी तेव्हाच झाडू काढला, आणि त्या वरच्या पायरीवर उभं राहून काठीच्या टोकाने कोपरे दाखवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. हातात हे भांडं, वर तशाच वेलीचं काचेचं झाकण. आत सफरचंदाचा शिजवलेला गर आणि वर दालचिनी. मला वाटतं त्यांना मी घाबरले असेन असं वाटलं असावं. भांडं माझ्या हातात देऊन त्या लगेच परत गेल्या. त्या देशात आल्यापासून माझ्यासाठी म्हणून कुणी केलेला तो पहिला पदार्थ होता. मी तो उभ्यानेच, स्वयंपाकघराच्या ओट्याशी, सगळाच्या सगळा खाल्ला आणि मग थोडी रडले.

आता भांडं परत करायचं होतं, आणि आई डोक्यात येऊन बसली. शेजारच्यांचं भांडं रिकामं परत जात नसतं. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं नाही. मी शिरा केला. बेदाणे, वेलची, सगळं. आजींनी दार उघडलं, झाकण उचलून वास घेतला, आभार मानले आणि दार लावून घेतलं. आपल्याकडे निदान 'या की आत' तरी म्हणतात. पण म्हटलं, असो, भांडं ज्याचं त्याला पोचलं, विषय संपला.

विषय संपला नव्हता. चारच दिवसांत बेल. तेच भांडं, आत दूधभात म्हणावा असा गोड प्रकार. मी शेवयांची खीर दिली. त्यांच्याकडून आलूबुखारचा केक आला. मी शंकरपाळे तळले, आणि तळणीच्या वासाने वरच्या मजल्यावरच्यांनी सगळ्या खिडक्या उघडल्या. त्यांनी पुडिंग पाठवलं. मी सुट्टीच्या दिवशी आगगाडीने मोठ्या गावी जाऊन पातळ पोहे आणले आणि चिवडा केला. भांडं काही थांबेना. गंमत अशी की मी अंडं खात नाही, आणि त्यांचं निम्म्याहून अधिक अंड्याचंच असायचं. ते मी गुपचूप ऑफिसात नेऊन ठेवायची. लोक आवडीने खायचे आणि मला म्हणायचे, तुम्ही किती छान बेक करता.

ऑफिसात तेवढ्यात आणखी एक प्रकार घडला. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका सद्‌गृहस्थांना मी बोलता बोलता म्हणाले, "या एकदा घरी चहाला." पुण्यात हे वाक्य आपण जिन्यात, रस्त्यात, दवाखान्यातसुद्धा म्हणतो, आणि ऐकणाराही "येऊ की" म्हणून आपल्या वाटेने जातो. यात दोघांचाही मान राहतो आणि साखरही वाचते. या गृहस्थांनी खिशातून फोन काढला, कॅलेंडर उघडलं आणि विचारलं, "पुढचा शनिवार, दुपारी तीन?" मला वाटलं थट्टा करताहेत. पुढच्या शनिवारी तीनच्या ठोक्याला ते फुलं घेऊन दारात उभे, आणि मी केसांना तेल चोपडून, जुना गाऊन घालून, वर टॉवेल गुंडाळून. त्यांनी दोन कप चहा घेतला, माझ्या केसांबद्दल काहीही विचारलं नाही आणि साडेचारला निघून गेले. तेव्हापासून मी ठरवलं की इथे तोंड सांभाळून बोलायचं. इथे शब्द कॅलेंडरात जातात.

भांड्याचं मात्र चालूच होतं. खरं सांगायचं तर दमत होते. आठ तास उभं राहून काम केल्यावर रवा भाजायचा म्हणजे जिवावर यायचं. पण संध्याकाळी बसमधून उतरताना मनात पहिला विचार यायचा तो हाच, की आज भांडं कुणाकडे आहे. त्यांच्याकडे असेल तर आज ना उद्या बेल वाजेल. आई गेल्यापासून माझ्या दाराची बेल माझ्यासाठी म्हणून वाजली नव्हती.

मग एका रविवारी आजींची मुलगी आली. माझ्याच वयाची, दुसऱ्या गावात राहणारी. इंग्रजी उत्तम. ती दारात उभी राहून आधी हवेबद्दल बोलली, मग घसा साफ करून म्हणाली, "माझ्या आईचा एक प्रश्न आहे. हे थांबवता येईल का?" तिच्या मागे आजी, हातात रिकामं भांडं, चेहरा गुन्हेगारासारखा. मुलगी म्हणाली की आईची मनगटं दुखतात. ती रात्रभर विचार करते की आता या भारतीय बाईंना नवीन काय करून द्यायचं. एवढ्या प्रेमाने त्या देतात, आपण परत काही दिलं नाही तर त्यांच्या धर्मात अपमान होत असेल. "आणि," ती जरा थांबून म्हणाली, "आईला मधुमेह आहे. तुमचा शिरा मी माझ्या ऑफिसात नेते. तिथे लोक वाट बघतात."

मी तिला माझ्या अंड्यांचं सांगितलं. तिने ते आजींना जर्मनमध्ये सांगितलं आणि त्या आधी हसल्या. हसता हसता त्यांनी काठी भिंतीला टेकवली. दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या बायका महिनोन्‌महिने राबून दोन ऑफिसांना खाऊ घालत होत्या.

मग मी रीत समजावून सांगितली. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. आजींना हे फार महत्त्वाचं वाटलं असावं. त्यांनी खात्री करून घेतली.

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

"खूप दिवस झाले असतील तरी?"

"वर्षं झाली तरी," मी म्हणाले. "उलट उशीर झाला तर जास्त काहीतरी घालून द्यायचं."

त्यांनी मान डोलावली, भांडं छातीशी धरलं आणि आत गेल्या. सगळं नीट, स्वच्छ उलगडलं. आणि त्या दिवसापासून बेल वाजायची बंद झाली.

हे माझ्या लक्षात यायला आठवडा गेला. गैरसमज होता तोवर आमचं येणं-जाणं होतं; तो दूर झाला आणि दोघी आपापल्या दारामागे सुटल्या. हिवाळा आला. ऑफिसातून निघायच्या आतच अंधार पडलेला असायचा. भिंतीपलीकडून आजींचा रेडिओ ऐकू यायचा, त्यांच्या काठीचा आवाज यायचा, पण विनाकारण बेल दाबायची माझी हिंमत होईना. काय सांगणार, शिरा केलाय, तुम्ही खाऊ नका, पण दार उघडा? माझी जिन्याची पाळी संपली की पाटी त्यांच्या दाराला लावायची असे. पाटी मुठीला अडकवून मी उगाच थोडा वेळ तिथे उभी राहायची. एकदा दार अचानक उघडलं. त्यांनी पाटीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोपरे छान." मी थँक यू म्हणाले. त्या कौतुकावर माझा पुढचा आठवडा गेला.

मी निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेले, तेव्हा त्या पहिल्यांदाच म्हणाल्या, आत या. स्वयंपाकघरात छोटं टेबल, दोन खुर्च्या. एका खुर्चीवर जुन्या वर्तमानपत्रांची चळत. माझ्या घरीही दुसऱ्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे असतात, त्यामुळे मला समजायला काही अडलं नाही. मी उभीच राहिले. बोलायला फारसं काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "पुन्हा कधी येणार?"

कधी येणार. तेच दोन शब्द, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या म्हातारीच्या तोंडून. अशा वेळी माणूस शिकलेलं सगळं विसरतो आणि घरचं बोलतो. मी म्हणाले, "येईन की. लवकरच येईन."

त्या उठल्या, फडताळ उघडलं आणि ते भांडं काढून माझ्या हातात दिलं. धुतलेलं, पुसलेलं, झाकणाशिवाय. आणि रिकामं.

मला आनंद झाला तसा रागही आला, हे लपवण्यात अर्थ नाही. आठवण म्हणून भांडं देताहेत ते ठीक. पण एवढं समजावून सांगितलं, सगळ्याला माना डोलावल्या, आणि शेवटी द्यायचं ते रिकामंच? चिमूटभर साखर नसती का घालता आली? आणि झाकण बहुधा विसरल्या. भेट मिळालेल्या वस्तूचं झाकण मागणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प बसले. शालीत गुंडाळून ते भांडं मी विमानात मांडीवर ठेवून आणलं.

पुण्यात परत आल्यावर ऑफिसात आठवडाभर माझं कौतुक झालं, मग सगळे आपापल्या कामाला लागले. आमच्या सोसायटीत आता फोनवर आधी सूचना येते, अमुक माणूस गेटवर आहे, आत सोडायचं का. माझ्या फोनवर येणारी माणसं सगळी पार्सलवाली. ती पार्सल दारात ठेवतात, बेल वाजवतात आणि मी दार उघडेपर्यंत लिफ्टमध्ये शिरलेली असतात. आजींच्या मुलीला मी नववर्षाला शुभेच्छा पाठवायची. ती उलट पाठवायची, आई बरी आहे असं लिहायची.

झाकणासाठी मी एकदा भांडं घेऊन कसबा पेठेतसुद्धा गेले. आई ज्यांच्याकडून भांडी घ्यायची त्या दुकानात. दुकानदारांनी भांडं उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "याचं झाकण कुठंय?"

"नाहीये. म्हणून तर आले."

"अहो, भांडं आहे म्हणजे झाकण असणारच कुठेतरी. जिथनं भांडं आणलंत तिथे विचारा. आमच्याकडे कशाला?" असं म्हणून ते वर्तमानपत्र वाचायला लागले. मी रागारागाने घरी आले आणि ताटली ठेवली.

गेल्या महिन्यात त्या मुलीचा फोन आला. लिहिण्याऐवजी फोन, तोही चेहरा दिसेल असा, तेव्हाच मी ओळखलं. आजी उन्हाळ्यात गेल्या होत्या. आता ती त्यांचं घर रिकामं करत होती. तिच्या मागे ते स्वयंपाकघर दिसत होतं, भिंतींवर कपाटं काढल्याच्या खुणा. तिने एक वस्तू उचलून फोनसमोर धरली. निळ्या फुलांची बारीक वेल.

"याचं भांडं तुमच्याकडे आहे ना?"

मी हो म्हणाले.

"मी हे दोनदा टाकायला काढलं होतं. नुसतं झाकण काय करायचंय? आई ठेव म्हणाली. भांडं भारतात आहे, ती रिकामं परत करत नाही, म्हणजे ती येणार. मी म्हटलं, आई, वर्षं झाली. तर म्हणाली, वर्षं झाली तरी चालतात, उशीर झाला तर ती जास्त काहीतरी घालून आणते." ती हसायला गेली, पण तिला जमलं नाही. "दुसऱ्या खुर्चीवरची वर्तमानपत्रंही तिने काढायला लावली. मला वाटलं, पडायला नको म्हणून. आता कळतंय."

रीत माझ्या आईची, जिन्यात उभी राहून शिकवली मी, आणि ती समजली फक्त त्यांना. भरलेलं भांडं दिलं असतं तर देणंघेणं फिटलं असतं. त्यांनी मला रिकामं दिलं, झाकण आपल्याकडे ठेवलं, खुर्ची मोकळी केली आणि माझा शब्द मनातल्या कॅलेंडरात लिहून ठेवला. मागे कुणी नाही म्हणून मला तिकडे पाठवलं होतं. परत आले तेव्हा मागे कुणीतरी होतं, आणि मी इथे ताटली घसरली म्हणून तिच्यावर डाफरत होते. फोनसमोर मी रडले. त्या मुलीने बघायचं टाळलं नाही, फोनही ठेवला नाही.

मग तिने विचारलं, "झाकण पोस्टाने पाठवू का तुम्हाला?"

"नको," मी म्हणाले. "तुमच्याकडेच राहू दे. भांडं मी घेऊन येते."

"कधी येणार?"

येईन की लवकरच, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी तिला थांबायला सांगितलं आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं.